परमवीरचक्राची सावित्री

जन्मभर बँकेत नाणी हाताळल्यामुळे असेल, पदक पाहिले की मला ते रेखाटणारा हात आधी आठवतो. परमवीरचक्र रेखाटले सावित्रीबाई खानोलकरांनी, आणि हे नाव आपल्या मराठी घरांतही फारसे निघत नाही! जन्म १९१३ सालचा, स्वित्झर्लंडमधला. मूळ नाव ईव्ह. वडिलांचा विरोध पत्करून १९३२ साली लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न केले. संस्कृत, पुराणे इतकी मुरवली की मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाचे काम सोपवताच त्यांना दधीची ऋषी आठवले. इंद्राच्या वज्रासाठी अस्थी देणारे. कांस्यपदकावर राजमुद्रेभोवती चार वज्रे उमटली. पहिले मानकरी १९४७ साली बडगामला धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा. ते सावित्रीबाईंच्या जावयांचे सख्खे भाऊ. १९५२ साली पती गेले. बाई रामकृष्ण मठाकडे वळल्या. १९९० साली त्या वारल्या.