दोन निष्ठांचे प्राचार्य

धर्मनिष्ठा आणि राष्ट्रनिष्ठा यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न दिल्लीच्या राजकारणात ठरावीक काळाने डोके वर काढतो आणि प्रत्येक वेळी उत्तराचा भार अल्पसंख्य समाजावर टाकला जातो. भारतीय ख्रिश्चनांच्या बाबतीत तर ब्रिटिश राजवटीत हा प्रश्न अधिकच टोकदार होता. राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्यांचा धर्म एकच, त्यांच्या शाळा, रुग्णालये आणि चर्च चालवणारे मिशनरीही बहुधा राज्यकर्त्यांच्याच देशाचे. अशा वेळी देशासाठी उभे राहणे म्हणजे आपल्या धर्मबांधवांशी वैर घेणे, असा सोपा समज दोन्ही बाजूंना सोयीचा होता. तो खोटा ठरवणाऱ्यांत सेंट स्टीफन्स कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य सुशील कुमार रुद्र यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी सभा गाजवल्या नाहीत किंवा तुरुंगवासही भोगला नाही. तरीही काश्मिरी गेटजवळच्या त्यांच्या घराचा उल्लेख टाळून असहकार चळवळीचा इतिहास पुरा होत नाही.

रुद्र यांचा जन्म १८६१ सालचा. बंगालमधील धर्मांतरित कुटुंबातले हे दुसऱ्या पिढीतले ख्रिस्ती. वडील प्यारी मोहन रुद्र मिशनच्या सेवेत होते. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धा त्यांना घरातच मिळाली होती. १८८६ साली ते दिल्लीला सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक म्हणून आले. केंब्रिज मिशनने १८८१ साली अवघे ५ विद्यार्थी आणि ३ शिक्षक यांच्यासह जुन्या शहरात सुरू केलेली ही संस्था तेव्हा बाल्यावस्थेत होती. दिल्ली अजून राजधानी व्हायची होती आणि १८५७ च्या जखमा शहराच्या स्मरणातून पुसल्या गेल्या नव्हत्या. अशा शहरात एका बंगाली ख्रिश्चनाने इंग्रज मिशनच्या कॉलेजात वीस वर्षे निमूटपणे शिकवले. हिंदू आणि मुसलमान घराण्यांतली मुले त्यांच्या हाताखाली शिकून गेली.

१९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले आणि मिशनची परीक्षाच सुरू झाली. त्या खुर्चीत तोवर इंग्रजच बसत आला होता. कॉलेजात दोनच वर्षांपूर्वी दाखल झालेले चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज यांचे नाव पुढे आले. रुद्र यांच्याहून ते दहा वर्षांनी लहान आणि अनुभवाने तर फारच नवखे होते. पात्रता रुद्र यांची होती. अडचण होती ती त्यांच्या वर्णाची. भारतीय प्राचार्याच्या हाताखाली शिस्त राहील काय, पालकांचा विश्वास टिकेल काय, अशा शंका घेणाऱ्यांत लाहोरचे बिशप लेफ्रॉय हेही होते. ज्येष्ठ भारतीयाला डावलून आपण ते पद स्वीकारणार नाही, अशी ठाम भूमिका अँड्र्यूज यांनी घेतली आणि रुद्र प्राचार्य झाले. इंग्रज प्राध्यापक एका भारतीयाच्या हाताखाली काम करू लागले. काँग्रेसच्या व्यासपीठावर स्वराज्य हा शब्द नुकताच उच्चारला जात होता, त्याच वर्षी मिशनच्या एका कॉलेजात त्याचा छोटासा प्रयोग सुरू झाला होता.

या पेचाची महाराष्ट्राला ओळख आहे ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे. त्यांचाही जन्म १८६१ सालचाच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर ख्रिस्ती भक्तीला कीर्तन आणि अभंगाचे रूप देण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. अखेर १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ते मोकळे झाले. परक्या संस्थेची चौकट देशी ख्रिश्चनाला अपुरी पडते, हे दोघांनाही उमगले होते. टिळकांनी ती चौकट मोडली. रुद्र यांनी आत राहून ती रुंदावण्याचा मार्ग निवडला. दुसऱ्या मार्गात नाट्य कमी आणि तडजोडी अधिक असतात. रुद्र यांचे नाव विस्मृतीत जाण्याचे एक कारण हेही असावे.

१९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९१२ रोजी, चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब फेकला गेला. त्या खटल्यात फाशी गेलेले मास्टर अमीरचंद मिशनच्या शाळेत शिक्षक होते. गदर चळवळीचे लाला हरदयाळ तर सेंट स्टीफन्सचेच माजी विद्यार्थी. त्यामुळे मिशनच्या वर्गखोल्यांत निव्वळ राजनिष्ठा पिकते, हा समज सरकारलाही बाळगता येण्याजोगा नव्हता. अशा संशयाच्या वातावरणात संस्था चालवायची आणि विद्यार्थ्यांच्या मनातली देशभावनाही विझू द्यायची नाही, ही कसरत प्राचार्यांच्या वाट्याला आली.

गांधीजींशी त्यांचा संबंध जुळला तो अँड्र्यूज यांच्यामुळे. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाला साहाय्य करण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आवाहनावरून अँड्र्यूज १९१४ च्या प्रारंभी डर्बनला पोहोचले. तेथे त्यांनी गांधीजींना भारतातील ज्या तीन माणसांविषयी भरभरून सांगितले, ती होती रवींद्रनाथ ठाकूर, महात्मा मुन्शीराम म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद आणि प्राचार्य रुद्र. एक कवी, एक आर्यसमाजी आणि एक ख्रिस्ती. एप्रिल १९१५ मध्ये गांधीजी दिल्लीला आले ते रुद्र यांच्याकडेच उतरले. नंतरच्या काही वर्षांत राजधानीत आल्यावर त्यांचा मुक्काम तेथेच असे.

एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी दिल्लीत युद्ध परिषद बोलावली. तिच्यानंतर गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहिले आणि ते सिमल्याला विश्वासू माणसाकरवी धाडायचे ठरवले. रुद्र आणि अँड्र्यूज यांनी केंब्रिज मिशनच्याच रेव्हरंड आयर्लंड यांचे नाव सुचवले. पत्र वाचून पटले तरच नेईन, अशी या पाद्र्यांची अट होती. ती गांधीजींनी मान्य केली. पत्र पटल्यावर आयर्लंड दुसऱ्या वर्गाचे भाडे नाकारून, रात्रीचा प्रवास असूनही, इंटरच्या डब्यातून गेले. सरकार आणि चळवळ यांच्यात अजून संवाद शक्य होता आणि मिशनची माणसे त्या संवादाचे दुवे होती, त्या काळातली ही घटना.

वर्षभरातच हे चित्र पालटले. रौलट कायद्याविरुद्ध ३० मार्च १९१९ रोजी दिल्लीत हरताळ झाला आणि रेल्वे स्थानक व चांदणी चौक परिसरात गोळीबार झाला. ४ एप्रिलला स्वामी श्रद्धानंद जामा मशिदीतून बोलले. दिल्लीकडे निघालेल्या गांधीजींना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पलवल येथे अडवून परत मुंबईला पाठवण्यात आले. आता गांधीजींना घरी ठेवून घेणे म्हणजे राजद्रोह्याला आसरा देणे ठरू शकत होते. याची जाणीव खुद्द गांधीजींनाच होती. रुद्र इंग्रज मिशनचे नोकर, वरिष्ठ इंग्रज वर्तुळात त्यांचे स्नेही, कॉलेजला धोका संभवतो, म्हणून आपण अन्यत्र उतरतो, असे त्यांनी सुचवले. रुद्र यांनी ते मानले नाही. आपली मते दीर्घ प्रार्थनेतून घडलेली आहेत, ती इंग्रज मित्रांना ठाऊक आहेत आणि इंग्रजांमधले वजन किंवा गांधीजी यांपैकी एक गमावण्याची वेळ आलीच तर काय गमावायचे ते ठरलेले आहे, असे त्यांनी कळवले. घरात येणाऱ्या माणसांच्या वर्दळीने त्रास होत नाही, उलट एवढी तरी देशसेवा हातून घडते याचे समाधानच वाटते, असेही त्यांचे म्हणणे होते.

या उत्तरात देशप्रेमाचे समर्थन धर्मश्रद्धेच्या आधारे केलेले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. देशासाठी आपला ख्रिस्ती धर्म बाजूला ठेवावा लागतो, असे रुद्र यांना कधी वाटले नाही. प्रार्थनेनेच त्यांना निर्भयता दिली होती. खिलाफतीची मागणी नेमक्या स्वरूपात मांडणारे व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेले खुले पत्र त्यांच्याच घरी तयार झाले आणि रुद्र व अँड्र्यूज यांनी त्याच्या मसुद्यावर हात फिरवला. असहकाराची कल्पनाही याच छपराखाली आकाराला आली. मौलाना आणि गांधीजी यांच्यातील खासगी चर्चांच्या वेळी यजमान रुद्र मूक श्रोते म्हणून हजर असत. मुसलमानांच्या धार्मिक मागणीवर हिंदू नेत्याने चालवलेल्या खलबतांना ख्रिस्ती प्राचार्याचे घर मिळावे, हे दृश्य त्यानंतर देशाच्या राजकारणात क्वचितच दिसले.

मात्र येथेच त्यांच्या भूमिकेची मर्यादाही उघड होते. ऑगस्ट १९२० मध्ये सुरू झालेल्या असहकाराच्या कार्यक्रमात सरकारी आणि सरकारमान्य शिक्षणसंस्थांवरील बहिष्कार होता. ज्या घरात तो विचार जन्मला, त्या घराचा मालक स्वतः अशाच संस्थेचा प्रमुख होता. दिल्लीचे हकीम अजमल खान नव्या राष्ट्रीय विद्यापीठाचे, जामिया मिलियाचे, पहिले कुलपती झाले. रुद्र यांनी कॉलेज बंद केले नाही, राजीनामाही दिला नाही. १९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या मूळ तीन कॉलेजांत हिंदू आणि रामजस यांच्या जोडीला सेंट स्टीफन्स होते. घरातही हाच ताण होता. त्यांचे चिरंजीव अजित पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात साधे शिपाई म्हणून दाखल होऊन फ्रान्सच्या आघाडीवर लढले होते. पुढे हेच अजित रुद्र स्वतंत्र भारताच्या लष्करात मेजर जनरल झाले.

हा दुटप्पीपणा होता काय? कडव्या असहकारवाद्याला तसे वाटले असते आणि त्याचा आक्षेप निराधार म्हणता आला नसता. पण रुद्र यांनी आपली मते कोणापासूनही लपवली नव्हती. मिशनला ठाऊक होते की गांधीजी कोठे उतरतात आणि गांधीजींना ठाऊक होते की यजमान कोणाचा पगार घेतात. इंग्रजांच्या मैत्रीची किंमत ते जाणत होते. कॉलेज बंद पाडणे हा त्यांना त्यागाचा मार्ग वाटला नाही, कारण ते भारतीयांच्या हाती आणण्यासाठीच त्यांनी हयात घालवली होती.

१९२३ साली ते निवृत्त झाले आणि जून १९२५ च्या अखेरीस सोलन येथे त्यांचे निधन झाले. गांधीजींनी यंग इंडियामध्ये लिहिलेल्या मृत्युलेखात त्यांना मूक सेवक म्हणून गौरवले आणि देशाला अँड्र्यूज मिळाले ते रुद्र यांच्यामुळे, हेही नमूद केले. गांधीजींनी हे लिहिले नसते तर त्या घरातल्या बैठकांची फारशी नोंदही उरली नसती.

रुद्र यांच्यानंतरच्या पिढीत ही परंपरा खंडित झाली नाही. हरेंद्र कुमार मुखर्जी घटना समितीचे उपाध्यक्ष झाले, राजकुमारी अमृत कौर तिच्या सदस्य आणि पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. ख्रिस्ती समाजाने विधिमंडळातील राखीव जागांचा आग्रह सोडला आणि त्याच घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. एकाने विश्वास टाकला, दुसऱ्याने हक्क दिला. या व्यवहारात निष्ठेचा दाखला मागण्याची तरतूद कोठेही नव्हती.

१९४१ साली सेंट स्टीफन्स विद्यापीठ परिसरात गेले. काश्मिरी गेटची जुनी इमारत कालांतराने दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे आली. मतदार याद्यांचे काम जेथे चालते, तेथे नाव नोंदवताना नागरिकाला धर्म विचारला जात नाही. रुद्र यांनी या नियमासाठी कधी भाषण केले नाही. त्यांनी आपल्या घराचे दार तेवढे बंद केले नाही.