राजा दीनदयाळ : निजामाचा मुसव्विर आणि औरंगाबादचे बिननावाचे चेहरे

मागच्या वर्षी सातवीच्या मुलांना मी एक काम दिलं. घरातला सगळ्यात जुना फोटो शोधायचा, त्यात कोण कोण आहे ते घरच्यांना विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. मुलांनी फोटो आणले. कुणी चाळीस वर्षांपूर्वीचा, कुणी साठ. पण निम्म्या वह्यांमध्ये एकच वाक्य होतं, हे कोण आहेत ते घरात कुणाला माहीत नाही.

दुसरी गोष्टही लक्षात आली. दादा-परदादांचे फोटो होते, दादी-नानींचे फार कमी. माझ्या स्वतःच्या दादीचा एकच फोटो आहे, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला, छोटासा. मुलांना समजवायला मी ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच आज वाचकांना सांगतो. हिंदुस्थानातला त्याच्या काळातला सगळ्यात नामवंत फोटोग्राफर, राजा दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. तेच सरधना, जिथे बेगम समरूची जहागीर होती. घराणं जैन, धंदा जवाहिऱ्याचा. पण मुलगा रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनीअरिंग शिकला आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला. काम काय, तर इमारतींचे नकाशे काढायचे आणि खर्चाचा अंदाज बांधायचा. आजच्या भाषेत ड्राफ्ट्समन. पगार ठीक, नोकरी पक्की.

कॅमेरा हातात आला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे वय तीस. आधी फक्त शौक म्हणून. पण तेव्हाचा शौक स्वस्त नव्हता आणि सोपाही नव्हता. फिल्म नव्हती. काचेच्या पाटीवर रसायन ओतायचं, ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. पाटी वाळली की काम गेलं. गावाबाहेर फोटो काढायचा तर लाकडी कॅमेरा, तिपाई, काचा, बाटल्या, तंबू आणि पाणी, सगळं बरोबर न्यावं लागे. फोटो उमटायचा तो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर. समोरचा माणूस हलला तर चेहरा पुसट येई. म्हणून त्या काळातल्या फोटोंमध्ये माणसं अशी ताठ उभी दिसतात.

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले बडे इंग्रज अधिकारी सर हेन्री डॅली यांनी दीनदयाळांचं हुनर ओळखलं. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा दौरा आला, त्याचे फोटो त्यांनी काढले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंड फिरून तिथल्या किल्ल्यांचे आणि मंदिरांचे फोटो घेतले. त्यातून ८६ फोटोंचं पुस्तक निघालं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्याची नजर या फोटोंमध्ये दिसते. रेषा सरळ, इमारत पुरी, उजेड नेमका.

आता नोकरी आणि कॅमेरा दोन्ही सांभाळणं जमेना. दीनदयाळांनी लांबलचक रजा घेतली आणि शेवटी नोकरीच सोडली. घरसंसार असलेल्या, चाळिशीतल्या माणसाने सरकारी नोकरी सोडायची, तीही फोटो काढायला! आजही आपल्या घरात कुणी असं म्हणालं तर काय होईल, विचार करा.

पण हैदराबादने त्यांना जागा दिली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारचे ते फोटोग्राफर झाले. सिकंदराबादला मोठा स्टुडिओ उघडला. व्हाइसरॉयनेही नेमणूक दिली, १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू झाला. दरबार, शिकार, फौज, महाल, चारमिनारचा रस्ता, आपल्या शेजारचा बीबी का मकबरा, हे सगळं त्यांच्या काचेवर आलं.

निजाम स्वतः शायर, तखल्लुस आसिफ. त्यांनी दीनदयाळांच्या तारीफमध्ये शेर लिहिला आणि १८९४ मध्ये किताब दिला, राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे सूरत घडवणारा, चित्रकार. अल-मुसव्विर हे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव आहे, हे आपल्याला माहीत आहे. तस्वीर काढावी की नाही यावर आपल्या उलमांमध्ये तेव्हाही चर्चा होती, आजही आहे. त्या चर्चेत मी इथे पडत नाही. पण एका मुस्लिम बादशहाने एका जैन कलावंताला अरबी-फारसी किताब देऊन गौरवावं आणि तो किताब त्याने आयुष्यभर मिरवावा, ही आपल्या दख्खनची तारीख आहे. मुलांना ती सांगायला हवी.

दादी-नानींच्या फोटोंचा प्रश्न दीनदयाळांसमोरही होता. हैदराबादच्या शरीफ घरातल्या बायका पडद्यात. परक्या पुरुषासमोर त्या कॅमेऱ्याला कशा सामोऱ्या जाणार? म्हणून १८९२ मध्ये त्यांनी जनाना स्टुडिओ उघडला. फक्त बायकांसाठी, आणि तो चालवणारीही बाईच, केनी-लेव्हिक नावाची इंग्रज महिला. पडदा मोडायला सांगितला नाही, पडद्याच्या आत सोय केली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. अर्थात ही सोय बड्या घरच्या बेगमांची. गरिबाच्या घरात ना जनाना स्टुडिओ पोहोचला, ना फोटो.

गरिबांचा फोटो निघाला तो वेगळ्याच कारणाने, आणि इथे ही गोष्ट आपल्या कोपरगावजवळ येते.

१८९९ साली पाऊस आलाच नाही. मोठा दुष्काळ पडला. कोपरगाव तेव्हा इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात, पण शेजारचा वैजापूर तालुका निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. मधली सरहद्द कागदावरची. भुकेला सरहद्द नव्हती, दुष्काळ दोन्हीकडे होता. औरंगाबाद जिल्ह्यात निजाम सरकारने दुष्काळी कामं काढली आणि त्या कामांचे फोटो घेतले दीनदयाळांच्या कंपनीने. १८९९-१९०० चे हे फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

त्यातला एक फोटो मी मुलांना दाखवला. लंगोटी नेसलेली तरुण माणसं उभी आहेत. बरगड्या मोजता येतात. हात काठीसारखे. डोळे सरळ आपल्याकडे. वर्गात गडबड करणारी मुलं एकदम गप्प झाली. मग एका मुलीने विचारलं, सर, यांची नावं काय?

नावं नाहीत. फोटोखाली हाडं निघालेल्या माणसांचे नमुने अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे आणि जागेचं नाव आहे, औरंगाबाद. बस. निजामाच्या, त्याच्या सरदारांच्या, इंग्रज साहेबांच्या फोटोंखाली नाव, किताब, हुद्दा, सगळं असतं. कॅमेरा तोच, कंपनी तीच, मेहनत तीच. फरक पडला तो खालच्या ओळीत.

यात दीनदयाळांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. हे फोटो सरकारी कामाचे होते, सरकारने काय केलं ते दाखवण्यासाठी. नावं लिहून ठेवावीत असं कुणालाच वाटलं नसणार. पण हेही खरं की हे फोटो नसते तर ती माणसं आपल्यापर्यंत आलीच नसती. ती आपल्याच भागातली माणसं. त्यात कुणाचे तरी परदादा असतील, हिंदूही असतील, मुसलमानही असतील. चेहरा राहिला, नाव गेलं.

दीनदयाळांचे शेवटचे दिवसही दुःखाचे होते. १९०३ च्या दिल्ली दरबाराचे फोटो काढून झाले, १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला आणि ५ जुलै १९०५ ला ते स्वतः गेले. दुसरा मुलगा ग्यानचंद याने काम पुढे चालवलं. त्यांच्या काचा घराण्याने जपल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या २,८५७ काचा घेतल्या. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं. ज्याने फोटो काढले त्याचं नाव राहिलं, ही चांगलीच गोष्ट आहे.

आता आपलं काम. आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण नाव एकाखालीही नाही. घरात जुना फोटो असेल तर आजच काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोण, कुठल्या गावचे, काय करायचे. फोटोच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. सांगणारं माणूस उद्या असेलच असं नाही.

तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी वही आणली. एका फोटोतल्या नऊ जणांपैकी सात जणांची नावं तिने नानीकडून लिहून घेतली होती. उरलेल्या दोघांसाठी नानी वैजापूरच्या बहिणीला फोन करणार होती.