गार्सिया द ओर्ता
गार्सिया द ओर्ता (जन्म : सुमारे १५०१, कास्तेलु द व्हीद, पोर्तुगाल, मृत्यू : १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य व भारतीय औषधी वनस्पतींचे आद्य युरोपीय अभ्यासक होते. मृत्यूनंतर १२ वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला होता.

पूर्वायुष्य
ओर्तांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा त्यांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. परंतु १४९७ मध्ये राजा पहिला मानुएल याने तेथील ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्या निष्ठेविषयी कायम संशय बाळगला जाई. ओर्तांनी स्पेनमधील सालामांका व अल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे लिस्बन विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले.

भारतातील कार्य
१५३४ मध्ये मार्तीं आफोंसु द सौझा यांचे वैद्य म्हणून ते गोव्यास आले. दोन वर्षांनी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. ओर्ता मायदेशी परतले नाहीत. गोव्यात त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्यांवर, तर अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले. मुंबई बेट त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. लिस्बनमध्ये त्यांच्या बहिणींना इन्क्विझिशनने अटक केली होती. सुटकेनंतर आई व बहिणी त्यांच्याकडे गोव्यास आल्या.

ग्रंथ
भारतातील औषधींविषयीचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मिरी, आंबा, नारळ, अफू, भांग, धोतरा इत्यादींची माहिती, त्यांची स्थानिक नावे आणि पटकीच्या रोगाचे प्रत्यक्ष निरीक्षण त्यात आहे. ग्रीक ग्रंथकारांच्या चुका त्यांनी अनुभवाच्या आधारे दाखवल्या. कवी कामोइंश यांची पहिली मुद्रित कविता याच ग्रंथात आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले होते. तेथील इन्क्विझिटर आलेशु दियश फाल्कांव यांनी ग्रंथ तपासल्याची नोंद मुखपृष्ठावर आहे. १५६७ मध्ये क्लुसियस यांनी केलेला लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला आणि ग्रंथाची कीर्ती युरोपभर पसरली.

मरणोत्तर शिक्षा
ओर्ता हयात असताना त्यांच्यावर खटला झाला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच बहीण कातारिना हिला अटक झाली आणि १५६९ मध्ये तिला जाळून मारण्यात आले. आप्तांच्या जबान्यांतून ओर्तांच्या श्रद्धेची माहिती न्यायालयापुढे आली. या जबान्या कोठडीच्या आणि मृत्यूच्या भयाखाली दिलेल्या असल्याने त्यांच्या अंतःकरणातील श्रद्धेचा निर्णय केवळ त्यांवरून करणे अवघड आहे. ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांच्या अस्थी जाहीर शिक्षासमारंभात जाळण्यात आल्या. ज्या संस्थेच्या अधिकाऱ्याने ग्रंथ निर्दोष ठरवला, तिनेच ग्रंथकर्त्याला दोषी ठरवले.

वारसा
गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. कुटुंबाची ही हकीकत मात्र विसाव्या शतकात इन्क्विझिशनच्या दप्तरांच्या अभ्यासातून सविस्तर उजेडात आली. तोपर्यंत ओर्ता केवळ ग्रंथकार म्हणून परिचित होते. पणजीतील नगरपालिकेच्या उद्यानाला त्यांचे नाव दिलेले आहे.