जॉन डाल्टन : अणूला वजन देणारा शिक्षक

पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असतात, हा विचार भारतात कणादांनी आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटस यांनी फार पूर्वी मांडला होता. मात्र तो तर्कापुरता राहिला. या कल्पनेला प्रयोगशाळेतील वजनमापांचा आधार दिला तो इंग्लंडमधील एका शाळामास्तराने. त्यांचे नाव जॉन डाल्टन.

डाल्टन यांचा जन्म १७६६ मध्ये ईगल्सफील्ड या खेड्यात, एका विणकराच्या घरी झाला. बाराव्या वर्षीच ते गावातील मुलांना शिकवू लागले. घराणे क्वेकर पंथाचे असल्याने त्यांना इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे बंद होती. १७९३ मध्ये ते मँचेस्टरला आले आणि शिकवण्या करत तिथेच राहिले.

त्यांना हवामानाच्या नोंदींचा छंद होता. १७८७ पासून ते तापमान, हवेचा दाब, पाऊस रोज लिहून ठेवत. या निरीक्षणांतूनच त्यांचे लक्ष हवेतील वायूंकडे आणि पुढे वायूंच्या कणांकडे वळले. १८०३ मध्ये त्यांनी सापेक्ष अणुभारांचा पहिला तक्ता तयार केला. एकटा अणू तोलणे अशक्यच होते. म्हणून सर्वांत हलक्या हायड्रोजनला १ मानून इतर अणू त्याच्या किती पट जड, हे त्यांनी काढले. एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारखे, वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू वेगळ्या वजनाचे आणि ठरावीक संख्येने ते जोडले गेले की संयुग बनते, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा. १८०८ मध्ये तो ग्रंथरूपाने सविस्तर आला.

याचा पुरावा सोपा आहे. १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडला गेला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बनतो. तेवढ्याच कार्बनशी ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला गेला की कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनचे प्रमाण नेमके दुप्पट. कारण अणू एक किंवा दोन जोडले जातात, दीड नाही.

डाल्टन काही ठिकाणी चुकलेही. पाण्याच्या कणात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेकच अणू असतो, असे त्यांनी धरले. त्यामुळे त्यांच्या ग्रंथात ऑक्सिजनचा अणुभार ७ आला. तो १६ च्या आसपास आहे. दोन घनफळ हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन मिळून पाणी बनते, हा गे-ल्युसॅक यांचा निष्कर्ष त्यांनी मान्य केला नाही. अणू अविभाज्य असतो, हे त्यांचे मतही टिकले नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली, तीही मँचेस्टरमध्येच.

त्यांची आणखी एक चूक त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांविषयीची होती. दिवसा आकाशी दिसणारे जिरेनियमचे गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात त्यांना लाल दिसे. आपल्याला आणि भावाला रंग इतरांसारखे दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. १७९४ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. रंगांधत्वाच्या पहिल्या शास्त्रीय वर्णनांपैकी तो एक होता. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले.

२७ जुलै १८४४ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीही त्यांनी हवामानाची नोंद केली होती. डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला. द्रव पूर्ण पारदर्शक निघाला. तर्क खोटा ठरला, पण डोळे जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांतील डीएनए तपासला तेव्हा खरे कारण सापडले: दृष्टिपटलातील हिरव्या रंगाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य बनवणारे जनुक त्यांच्यात नव्हते. रंगांधत्वाला अनेक भाषांत आजही 'डाल्टनिझम' म्हणतात.