नाथ पै

बॅरिस्टर नाथ पै (२५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ले – १८ जानेवारी १९७१, बेळगाव) हे स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते आणि राजापूर मतदारसंघाचे लोकसभा सदस्य होते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन सार्वत्रिक निवडणुकांत ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने वक्तृत्वासाठी घेतले जाते. तथापि त्यांच्या संसदीय कार्यातील सर्वांत दूरगामी प्रकरण १९६७ साली त्यांनी लोकसभेत मांडलेल्या घटनादुरुस्ती विधेयकाचे आहे. हे विधेयक संमत झाले नाही, पण त्यात उपस्थित केलेल्या प्रश्नाने पुढील दशकभर संसद आणि सर्वोच्च न्यायालय या दोहोंना गुंतवून ठेवले.

पूर्वायुष्य

नाथ पै यांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे झाला. वडिलांचे छत्र ते तान्हे असतानाच हरपले. त्यांचे बालपण व शिक्षण वेंगुर्ले आणि बेळगाव या दोन गावांत झाले, आणि या दोन्ही गावांशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. १९४२ च्या चळवळीत बेळगाव भागात ते सक्रिय होते व त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले आणि लिंकन्स इन येथून बॅरिस्टर झाले.

युरोपातील वास्तव्यात तेथील लोकशाही समाजवादी पक्षांशी त्यांचा निकटचा संबंध आला. आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी १९५४ ते १९६० या काळात भूषविले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियाच्या. संसद हे लोकांच्या सार्वभौमत्वाचे मुख्य साधन होय, ही नाथ पै यांची श्रद्धा ब्रिटिश पार्लमेंट जवळून पाहण्याच्या या काळात दृढ झाली असे मानण्यास जागा आहे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने केवळ संसदीय बहुमताच्या बळावर मोठे आर्थिक बदल घडवून आणले होते आणि तेथे कोणतेही न्यायालय पार्लमेंटचा कायदा रद्द करू शकत नव्हते.

राजापूरचे प्रतिनिधित्व

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या वातावरणात झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी पक्ष सामील होता आणि समितीच्या पाठिंब्यावर नाथ पै प्रथम लोकसभेत गेले. राजापूर मतदारसंघ म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर येथील घरे चालत. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की किनाऱ्यावरील गावांना घाटातील रस्त्यांशिवाय आधार नसे. कोकणाला रेल्वे हवी ही मागणी नाथ पै यांनी लोकसभेत सातत्याने लावून धरली. त्यांच्या हयातीत ती पुरी झाली नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

या मतदारसंघाची आणखी एक बाजू पुढील प्रकरण समजण्यासाठी महत्त्वाची आहे. कोकणात खोती पद्धतीने कुळांची पिढ्यान्‌पिढ्या पिळवणूक झाली होती. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे दोन्ही राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात समाविष्ट होते. म्हणजेच मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा भंग होतो या कारणास्तव न्यायालयाला ते रद्द करता येत नव्हते. हे परिशिष्ट १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अस्तित्वात आले होते. त्यामुळे मूलभूत हक्कांच्या प्रकरणात संसदेला बदल करता येतो की नाही, हा प्रश्न राजापूरच्या मतदारांसाठी थेट पायाखालच्या जमिनीचा होता.

विरोधी बाकावर

प्रजा समाजवादी पक्षाचे लोकसभेतील बळ कधीच मोठे नव्हते. १९५७ मध्ये पक्षाचे १९, १९६२ मध्ये १२ आणि १९६७ मध्ये १३ सदस्य निवडून आले. अशा पक्षाच्या सदस्याला मतदानाने सरकार हलवता येत नाही. प्रश्नोत्तरांचा तास, स्थगन प्रस्ताव आणि चर्चेतील भाषण एवढीच साधने त्याच्या हाती उरतात. नाथ पै यांनी ती साधने पुरेपूर वापरली. गोव्याच्या मुक्तीबाबत सरकारने चालढकल करू नये, तसेच चीनच्या सीमेवरील घडामोडींची माहिती संसदेला वेळेवर मिळावी, असा त्यांचा आग्रह असे. जुलै १९६० मधील केंद्रीय सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात एस. एम. जोशी यांच्यासह ते नेतृत्वस्थानी होते. तो संप सरकारने वटहुकूम काढून बेकायदा ठरविला व पाच दिवसांत तो मोडला.

ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला, तेव्हा प्रजा समाजवादी पक्ष प्रस्तावाच्या बाजूने होता. प्रस्तावाला ६२ मते मिळाली, विरोधात ३४७ पडली. या आकड्यांवरून विरोधी पक्षांच्या तत्कालीन स्थितीची कल्पना येते. नाथ पै सरकारचे कठोर टीकाकार होते, परंतु संसदेबद्दल त्यांच्या मनात कटुता नव्हती. पुढे मांडलेले विधेयक या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. संसदेच्या अधिकारांची बाजू घेणारा हा सदस्य त्या संसदेत दहा वर्षे जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या मतदानात हरलेल्या पक्षाचा होता.

घटनादुरुस्ती विधेयक, १९६७

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातील जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे सुमारे ५०० एकर जमीन होती व कमाल जमीनधारणेच्या कायद्यान्वये तिच्यातील मोठा भाग अतिरिक्त ठरला होता. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने असे ठरविले की, मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला नाही. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांनी हा नियम भविष्यलक्ष्यी केला. त्यामुळे आधीच्या दुरुस्त्या आणि त्यांखाली संरक्षण मिळालेले कूळ कायदे वाचले, पण यापुढे तसे संरक्षण देण्याचा मार्ग बंद झाला. याच न्यायालयाने १९५१ मध्ये व पुन्हा १९६५ मध्ये याच्या नेमका उलट निर्णय दिला होता.

निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पै यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदात दुरुस्ती करून, मूलभूत हक्कांसह घटनेतील कोणत्याही तरतुदीत बदल करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट शब्दांत नोंदवावा, असा त्याचा आशय होता. विधेयक सरकारने नव्हे तर विरोधी सदस्याने आणले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. त्यानंतर चारच दिवसांनी सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. अशा वेळी बहुतेक विरोधी पक्षांना गोलकनाथ निकाल म्हणजे काँग्रेसच्या सत्तेला बसलेला लगाम वाटत होता.

नाथ पै यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की, घटना लोकांनी स्वतःला दिली आहे आणि ती बदलण्याचा अधिकार लोकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींकडेच असला पाहिजे. एका पिढीने पुढील सर्व पिढ्यांचे हात बांधून ठेवणे त्यांना लोकशाहीशी विसंगत वाटे. मालमत्तेचा हक्क अस्पर्श्य मानला तर सामाजिक न्यायाची आश्वासने कागदावरच राहतील, ही त्यांची भीती होती. दुरुस्तीसाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचे बहुमत लागते. हाच पुरेसा अडसर आहे, असे ते मानीत.

विरोधकांचा मुद्दाही हलका नव्हता. मूलभूत हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडले तर ते हक्क उरतच नाहीत, त्या सवलती होतात, असे त्यांचे म्हणणे होते. मालमत्तेसाठी उघडलेले दार भाषणस्वातंत्र्यासाठी आणि व्यक्तिस्वातंत्र्यासाठीही उघडेच राहणार होते. स्वतंत्र पक्षाने विधेयकाला विरोध केला. समाजवादी चळवळीतील काही सहकाऱ्यांनाही ही दिशा पटली नाही. मालमत्तेचा हक्क आणि इतर हक्क यांत विधेयकाने भेद केला नव्हता, ही त्यातील उणीव मान्य केली पाहिजे. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. १९६७ च्या लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा काँग्रेसकडे होत्या. दोन तृतीयांश बहुमत कोणत्याही एका पक्षाजवळ नव्हते आणि विरोधकांच्या संमतीखेरीज घटनादुरुस्ती शक्य नव्हती. नाथ पै यांना जो अडसर पुरेसा वाटत होता, तो त्या सभागृहात खरोखरच मजबूत होता.

सरकारने विधेयकाच्या तत्त्वाला पाठिंबा दिला. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने १९६८ मध्ये अहवाल सादर केला. पुढील चर्चा रेंगाळत राहिली. खासगी विधेयकांसाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तासच राखीव असतात आणि तेव्हा अनेक सदस्य आपापल्या मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात; अशा वेळी घटनादुरुस्तीला लागणारी संख्या जमविणे जवळपास अशक्यच. स्वातंत्र्यानंतर आजवर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले आहे आणि त्यांपैकी शेवटचे १९७० मधले. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि अंतिम मतदानाविनाच नाथ पै यांचे विधेयक व्यपगत झाले.

सीमाप्रश्न आणि निधन

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही बेळगाव शहर तेथेच ठेवले. बेळगावात वाढलेल्या नाथ पै यांना हा निर्णय मान्य नव्हता व सीमाभागातील मराठी जनतेची बाजू ते संसदेत आणि सभांतून मांडीत राहिले. जानेवारी १९५६ मध्ये गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ बेळगावात दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळला जातो. १९७१ च्या हुतात्मा दिनाच्या सभेत त्यांनी भाषण केले. हृदयविकाराचा त्रास त्यांना पूर्वीपासून होता. त्याच रात्री त्यांना तीव्र झटका आला आणि १८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते व लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांच्या अंतरावर होती. मालवणचे बॅरिस्टर नाथ पै सेवांगण व कुडाळची त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था ही त्यांची कोकणातील स्मारके होत.

विधेयकाचा पुढील प्रवास

मार्च १९७१ च्या निवडणुकीत काँग्रेसला ३५२ जागा, म्हणजे एकट्याच्या बळावर दोन तृतीयांश बहुमत मिळाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने नाथ पै यांच्या विधेयकातील मुख्य तरतूद सरकारी विधेयक म्हणून संमत झाली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने गोलकनाथ निकाल रद्द केला आणि मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार मान्य केला. या मर्यादेपर्यंत नाथ पै यांची भूमिका ग्राह्य ठरली. त्याच निकालात सात विरुद्ध सहा अशा बहुमताने घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही असेही ठरले. ही दुसरी मर्यादा त्यांच्या विधेयकात नव्हती. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतरच्या एकोणचाळिसाव्या व बेचाळिसाव्या दुरुस्त्यांनी, विरोधी नेते तुरुंगात असताना, विरोधकांनी १९६७ मध्ये व्यक्त केलेली भीती निराधार नव्हती हे दाखवून दिले.

राजापूरमधून नाथ पै यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे मधु दंडवते १९७१ मध्ये निवडून आले. आणीबाणीत दंडवते स्थानबद्ध होते. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. त्या सरकारच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला आणि त्याला साध्या कायदेशीर हक्काचे स्थान दिले. ही तरतूद २० जून १९७९ पासून अमलात आली.