हुतात्मा शिरीषकुमार मेहता : नंदनगरीचा बालवीर

तापी खोऱ्यातील नंदुरबार हे पूर्वापार व्यापाराचे गाव. गुजरातच्या सीमेलगत असल्याने गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषा येथील पेठेत सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. अशा या नगरीत २८ डिसेंबर १९२६ रोजी एका गुजराती व्यापारी कुटुंबात शिरीषकुमार यांचा जन्म झाला. पित्याचे नाव पुष्पेंद्रभाई मेहता, मातेचे नाव सविताबेन. नंदुरबार त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते.

शिरीषकुमार यांचे बालपण स्वातंत्र्य चळवळीच्या ऐन भरात गेले. मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ते अवघे तीन वर्षांचे होते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातच फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा त्यांना दहावे वर्ष पूर्ण होत होते. विदेशी कापडाचा बहिष्कार, खादी, प्रभातफेऱ्या हे सारे त्या पिढीच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. व्यापारी माणूस हिशेबी असतो असे म्हणतात, आणि ते खोटेही नाही. परंतु त्या काळी चळवळीला साथ देणाऱ्या व्यापाऱ्याला हरताळाच्या दिवशी बुडणाऱ्या धंद्याची आणि सरकारच्या रोषाची पूर्ण कल्पना असे. तोटा ठाऊक असूनही ज्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, त्यांच्या घरांतून ही मुले पुढे आली.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव संमत झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे महात्मा गांधी व इतर प्रमुख नेते स्थानबद्ध झाले. मार्ग दाखविणारे तुरुंगात गेल्यावर गावोगावी चळवळीची धुरा तरुणांनी आणि शाळकरी मुलांनीच खांद्यावर घेतली.

बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारात मिरवणूक निघाली. शिरीषकुमार यांच्या हाती तिरंगा होता. घोषणा त्यांच्या मातृभाषेत, गुजरातीत, दिल्या जात होत्या. मुलीही मिरवणुकीत सामील होत्या. पेठेत पोलिसांनी मिरवणूक अडविली व पांगण्याचा हुकूम दिला. कोणी मागे हटेना. तेव्हा लाठ्या चालल्या. एका पोलीस अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखताच शिरीषकुमार पुढे सरसावले आणि मारायचेच असेल तर मला मारा, असे त्यांनी त्यास बजावले. गोळ्या त्यांच्या छातीत शिरल्या आणि ते कोसळले. वय पंधरा वर्षे आठ महिने. मिसरूडही न फुटलेल्या मुलासमोर सशस्त्र पोलीस उभे करावे लागले, यावरूनच त्या राज्याचा पाया किती खचला होता हे कळून येते.

त्याच गोळीबारात लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे त्यांचे चार साथीदारही धारातीर्थी पडले. शिरीषकुमार यांचे नाव सर्वतोमुखी झाले, हे योग्यच आहे. मात्र या चौघांची नावे आपल्याच गावातील अनेकांना सलग सांगता येत नाहीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. घराघरांतील मुलांकडून ही पाचही नावे म्हणवून घ्यावयास हवीत.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा या घटनेला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. शिरीषकुमार हयात असते तर त्या दिवशी ते वीस वर्षांचे असते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. भर बाजारपेठेत या हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे.