खलीफा अब्दुल मलिक आणि इस्लामी दिनार

रमजान आला की हातकणंगल्यातील घरांतही सोन्याचा हिशेब निघतो. साडेसात तोळे सोने वर्षभर मालकीत असले की जकात फर्ज होते. ही मर्यादा मुळात २० दिनारांची. त्या दिनाराला इस्लामी नाण्याचे रूप देणारे खलीफा म्हणजे अब्दुल मलिक बिन मरवान.

हिजरी २६ मध्ये मदिनेत त्यांचा जन्म झाला. तारुण्यात तेथील फकीहांमध्ये त्यांची गणना होत असे. हिजरी ६५ मध्ये, म्हणजे इ.स. ६८५ साली, ते खलीफा झाले तेव्हा उम्मत दुभंगलेली होती. हिजरी ७२ मध्ये त्यांच्या हज्जाज या सेनापतीने मक्केला वेढा घातला, काबागृहाच्या परिसरावर दगड पडले आणि हिजरी ७३ मध्ये हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) शहीद झाले. नाण्याचे श्रेय देताना हा डाग झाकता येत नाही.

राज्य एकसंध झाले, तरी बाजारात सोन्याचे नाणे रोमचेच चाले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने एक रोमन पौंड सोन्यातून ७२ नाणी पाडण्याची रीत घातली होती. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम, त्यावर सम्राटाची मुद्रा आणि पुढे क्रूसही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळीही अरबस्तानात हेच दिनार वापरात होते. मिसरहून रोमला जाणाऱ्या पपायरसवर खलीफांनी तौहीदचा मजकूर लिहविला, तेव्हा सम्राटाने नाण्यांवर प्रेषितांची निंदा कोरण्याची धमकी दिली, असे इतिहासकार बलाजुरी सांगतो.

बदल मात्र एका दिवसात झाला नाही. प्रथम रोमन नाण्याचीच नक्कल निघाली, फक्त क्रूसाची आडवी दांडी काढलेली. मग हिजरी ७४ पासून तलवारीवर हात ठेवून उभे असलेले स्वतः खलीफाच दिनारावर आले! तीन वर्षांत तेही गेले. हिजरी ७७ च्या दिनारावर कलिमा, सूरह इख्लासचे शब्द आणि सन एवढेच उरले. चित्र नाही, टांकसाळीचे नाव नाही, ज्याने ते पाडले त्याचेही नाव नाही. सत्तेसाठी इतके रक्त सांडणाऱ्या माणसाने आपले नाव गाळावे, याचे आश्चर्य वाटते.

वजनही रोमन राहिले नाही. ते मिस्कालाप्रमाणे सुमारे ४.२५ ग्रॅम ठरले. या वजनाने २० दिनारांचे ८५ ग्रॅम होतात. आपल्याकडील उलेमांच्या हिशेबाने साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. फरक आहे तो मिस्काल मोजण्याचा.

हिजरी ८६ मध्ये दमिश्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे चार पुत्र पुढे खलीफा झाले. दिनारावर त्यांपैकी कोणीही आपले नाव घातले नाही.